अण्णाच्या रक्तातले डाव

चेन्नईला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात तीन. एक मिलिटरीतला, तो नुसता स्टेशनातून पुढे गेला. दुसरा द्राक्षाचा ट्रकवाला; त्याला तिथली मंडई तेवढी माहीत. शहरात चार दिवस राहून, तिथल्या माणसांच्या पंगतीला बसून आलेला मी एकटा. त्यामुळे चेन्नईबद्दल मी सांगेन ते गावात खरं. मरीना बीचवरची वाळू मोजून आलोय म्हणालो तरी 'किती भरली?' असं विचारायची कुणाची छाती नाही.

पण मी काही समुद्र बघायला गेलो नव्हतो. मी एक थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन गेलो होतो, आणि त्या डब्यात माझा भाऊ कशानं मेला त्याचं उत्तर होतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. तालुक्यात त्याला वस्ताद म्हणायचे. ऐन उमेदीत तो पंगतीत मांडी घालून बसला की शेजारचं एक पान उचलून ठेवावं लागे. सहासष्टाव्या वर्षी साखरेचा आजार, गुडघे गेलेले, तरी सकाळचा खुराक चुकला नाही: अर्धा शेर दूध, बदामाची पूड, दोन कच्ची अंडी. अंडी माझ्या पोल्ट्रीतली. तडा गेलेलं अंडं व्यापारी उचलत नाही, ते पोल्ट्रीवाल्याच्या घरात आणि भावकीत जिरतं, ही आमच्या धंद्याची जुनी रीत. माझे पक्षी दहा हजार, असं मी सगळीकडे सांगायचो. होते साडेचार हजार.

त्या उन्हाळ्यात अण्णाला जुलाब लागले, मग ताप भरला, आणि नवव्या दिवशी मिरजेच्या एका दवाखान्यात तो गेला. रक्तात साल्मोनेला नावाचे जंतू सापडले. हे जंतू कोंबड्यांत असतात, अंड्यांतून येतात, एवढं कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि गावाला पुरलं. पारावर लोक बोलायला लागले, "जन्मात कुणी पाठ टेकवली न्हाई, त्या वस्तादाला कोंबड्यांनी चीत केलं."

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही लई गोष्टी सांगता. मला एकच खरी सांगा. कोंबड्यांनी नेलं का त्यांना?"

मी म्हणालो, "कोंबड्या असतील तर शेड रिकामी करीन, वहिनी. एक पीस ठेवणार नाही."

नेमकं त्याच सुमाराला मृणाल नावाची एक मुलगी आमच्याकडे आली. पशुवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होती, कोंबड्यांतले आणि माणसांतले साल्मोनेला जंतू गोळा करत होती. दवाखान्यानं अण्णाच्या रक्तातले जंतू जपून ठेवले होते, ते तिला मिळाले. मग माझ्या आठ पक्ष्यांची विष्ठा घेतली, शेडवरच्या दोन गड्यांची घेतली आणि माझीही. माझा नंबर मी मागून घेतला, अकरा. तिच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'पोटाची तक्रार?' मी म्हणालो, "लिहा, खिळे पचतात." गडी हसले, तीही हसली.

हे जंतू माणसाला किती घातक, ते त्यांच्या जनुकांवरून ठरतं, आणि ती जनुकं तपासायची सोय चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत होती. मृणाल एकटी जाऊ शकत होती. पण मी म्हणालो, डबा धरायला गडी पाहिजे. त्यातले अण्णाच्या रक्तातले जंतू नळीत अजून जिवंत होते. अण्णाचं म्हणून जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं. परक्या माणसाच्या मांडीवर ते कसं द्यायचं?

रविवार, अड्यार

उतरलो तर हवा अशी की धोतर वाळत घातलं तर जास्त ओलं व्हावं. प्रयोगशाळा बंद. बर्फ वितळून डब्याचं तळं झालेलं.

आमची उतरायची सोय अड्यारमध्ये सुंदरराव नावाच्या गृहस्थांकडे होती. मृणालच्या गाईडची जुनी ओळख. तंजावूरचे मराठी. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, आत झोपाळा, आणि झोपाळ्यावर कपाळाला गंध लावलेले सुंदरराव.

"या हो या. आम्हीही तुमचेच. आमचे पूर्वज महाराजांसंगे इकडे आले, माघारी जावयाचे राहूनच गेले."

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तीनशे वरुषे होतील," ते म्हणाले, आणि आतल्या बाजूला तोंड करून बायकोला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. त्यांची मराठी ऐकताना जुनी बखर उघडून कुणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटायचं. त्यांचा मुलगा ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात होता; त्याला तेवढीही येत नव्हती. तो मला "हॅलो अंकल" म्हणाला आणि त्याची मराठी तिथंच संपली.

मी आपला डबा त्यांच्या फ्रिजकडे नेत होतो. मृणालनं मागून माझा शर्टच धरला. "काका! तिथे दही आहे त्यांचं! हे जंतू आहेत, लोणचं नाही."

मग बर्फ शोधायला बाहेर पडलो. कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी. त्याला मराठी येईना, मला तमिळ. मी डब्यावर हात ठेवला, छातीवर हात ठेवला, आणि "मिनिस्टर, मिनिस्टर" म्हणालो. म्हणजे डब्यात मंत्र्याचं काळीज आहे आणि ऑपरेशन उद्या आहे. त्या भल्या माणसानं गाडीवरचा सगळा बर्फ फोडून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि डब्याला हात जोडले.  खोटं बोललो होतो; पण डब्याला जोडलेले हात योग्य जागी पडले होते.

जेवायला केळीचं पान. आंबट भाजी म्हणून चिंचेतली पालेभाजी, उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर, आणि भाताचे तीन फेरे: सांबाराशी, रसमशी, दह्याशी. आमच्याकडे दहीभात आजाऱ्याला देतात. तिथे त्याशिवाय माणूस उठत नाही. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि सुंदररावांच्या बायकोनं "अय्यो" म्हणून कपाळाला हात लावला.

"ओंठ लावूं नये हो बापूराव," सुंदरराव म्हणाले. "एच्चल होते. उष्टे. वरून ओतावे."

वरून ओतलं. निम्मं नाकात गेलं, निम्मं छातीवर. "आमच्या तालमीत," मी खोकत म्हणालो, "एका लोट्याला बारा पैलवान तोंड लावतात."

"आणि जगतात?" त्यांनी मनापासून विचारलं.

सोमवार, मंगळवार

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर कल्याणीबाई. लहान चणीच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, पायांत रबरी चपला. मला आत सोडलं नाही. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर दोन दिवस बसलो. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मृणाल मला मराठीत सांगायची.

पहिल्या दिवशी मी विचारलं, जनुकं म्हणजे काय ते मला पैलवानाच्या भाषेत सांगा. कल्याणीबाईंनी थोडा विचार केला. मग मृणाल सांगू लागली, "काका, प्रत्येक जनुक म्हणजे एक डाव समजा. जंतू आतड्यात येतो. आतड्याच्या भिंतीत घुसायचं, त्याला एक डाव लागतो. हा जवळपास सगळ्याच साल्मोनेलांना येतो. आतड्याला चिकटून राहायचा दुसरा. जुलाब लावायचा तिसरा. पण आतड्यातून रक्तात जायचं आणि तिथे टिकून राहायचं, ते सगळ्यांना जमत नाही. त्याचा डाव जंतूच्या पोटातल्या एका वेगळ्या, बांगडीसारख्या छोट्या कड्यावर असतो. ज्याच्याकडे ते कडं, तो जास्त घातक."

"म्हणजे वस्तादानं कानात सांगितलेला डाव."

हे तिनं इंग्रजीत सांगितल्यावर कल्याणीबाई हसल्या, आणि पुढे दोन दिवस डाव हाच शब्द वापरू लागल्या. त्यांच्या तोंडी तो "डावू" व्हायचा. एकंदर पाच डाव तपासायचे होते.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना सुंदररावांनी विचारलं, "बंधूंस नेमके काय जाहले?" आणि मला पाहिजेच होतं कुणीतरी विचारायला. मी अण्णा उभा केला. कसा त्यानं एकदा रुसलेला बैल खांद्यावर टाकून गावात आणला. (बैल नव्हता, कालवड होती. खांद्यावर नव्हती, दोरीनं होती.) आणि खुराकाची गोष्ट सांगितली. खुराक घोटायचा मान लहान भावाचा. चाळीस वर्षं रोज सकाळी मीच घोटला. चमच्यानं नाही, रवीनंही नाही. आमच्या तालमीत हाताशिवाय दुसरं काही लावलं की खुराकाचं बळ उतरतं म्हणतात. अंडं दुधात फोडायचं आणि हात मनगटापर्यंत घालून बोटांनी फेटायचं, फेस येईपर्यंत. मी हवेत हात फिरवून दाखवला. अण्णा म्हणायचा, बाप्याच्या हाताचा खुराकच अंगी लागतो.

पानावर सगळे थांबले होते. सुंदररावांची बायको माझ्या हाताकडे बघत होती.

"हाताने?" सुंदरराव म्हणाले.

"हातानं."

मृणालनं दहीभाताचा घास पानात परत ठेवला. "काका, हे तुम्ही मला फॉर्म भरताना सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतं, कोण काय खातं. घोटतं कोण, हे कुठं विचारलंत?"

 त्यानंतर तिनं पानाला हातही लावला नाही, आणि उठताना माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, पोर दमली.

बुधवार

दुपारी मला आत बोलावलं. चायना ग्रासच्या वडीसारखी एक चकती असते, तिच्यात प्रत्येक नमुन्याला एक घर. खाली जांभळा उजेड लावला की ज्याला जो डाव येतो त्याच्या घरात नारिंगी रेघ उमटते. तिचे फोटो कल्याणीबाईंनी टेबलावर मांडले होते. पाच डावांचे पाच.

"बाराव्या घरात तुमचे भाऊ," मृणाल म्हणाली. पाचही फोटोंत बारा नंबरखाली ठळक रेघ. पाचही डाव. रक्तात जायचा डावसुद्धा. मनात वाईट अभिमान वाटून गेला, खोटं कशाला बोलू. अण्णाला पाडणारा ऐरागैरा नव्हता.

"आणि पक्षी?"

पक्ष्यांचे नंबर दोन, पाच, सहा, आठ. पहिल्या फोटोत रेघ. दुसऱ्यात, तिसऱ्यात रेघ. चौथ्यात, पाचव्यात चारी घरं काळी. तीन डाव. रक्तातला डाव एकालाही येत नव्हता.

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. "सुटली! पोरी, माझी पाखरं सुटली!" कल्याणीबाई घाईघाईनं इंग्रजीत काही म्हणाल्या. मृणालनं सांगितलं, "त्या म्हणतात, एवढंच सिद्ध होतं की जे पक्षी आपण तपासले त्यांच्यातले जंतू तुमच्या भावाच्या जंतूंशी जुळत नाहीत. बाकीच्या हजारोंचं सांगता येत नाही."

मला तेवढं बास होतं. मी फोटो परत परत बघत होतो, जत्रेत पोरगं बघतं तसं. दोन, पाच, सहा, आठ, बारा. आणि मधे एक घर होतं. त्यातही रेघ होती. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, पाचव्यातही.

"हा अकरा नंबर इथं कसा?" मी विचारलं.

मृणाल खाली बघत म्हणाली, "ज्यांच्यात जंतू सापडले, तेवढेच नमुने आणलेत काका. नऊ आणि दहामध्ये काही नव्हतं."

"अकरामध्ये होतं?"

"होतं. मी परत गेल्यावर सांगणार होते, नीट. आता ते तुमच्या पोटातून निघूनही गेले असतील. काहींच्या पोटात राहतात, त्यांना कळतही नाही."

अकराला पाचही डाव येत होते.

कल्याणीबाई उठल्या, पडलेली खुर्ची उचलली आणि मला बसवलं. पाण्याचा पेला पुढे केला. मी वरून ओतलं, एक थेंब सांडला नाही. मग त्या हळू बोलत राहिल्या आणि मृणाल सांगत राहिली. दोघांचे डाव सारखे, म्हणजे जंतू एकच असं ठामपणे म्हणता येत नाही. दाट शक्यता म्हणता येते. आणि एकच असले तरी कुणाकडून कुणाकडे गेले हे ही तपासणी सांगत नाही. दोघांनी एकाच अंड्यातून घेतले असतील. किंवा दवाखान्यात भावाची सेवा करताना तुम्हाला त्यांच्याकडून लागले असतील. "त्या विचारतायत," मृणाल म्हणाली, "भाऊ आजारी पडायच्या आधी तुमचं पोट बिघडलं होतं का? तेवढ्यावरून थोडा अंदाज येईल."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. कल्याणीबाईंनी पेन उचललं होतं.

"छे," मी म्हणालो. "माझ्या पोटाला कधी काही झालंय का? खिळे पचतात."

या खेपेला कुणी हसलं नाही. बाईंनी लिहून घेतलं.

खरं असं होतं. अण्णाला जुलाब लागायच्या दोन दिवस आधी मी शेडमागे चार वेळा गेलो होतो. अंगात कसर होती. घरात सांगितलं नाही, गड्यांना सांगितलं नाही. चाळीस वर्षं ज्या पोटाच्या फुशारक्या मारल्या ते बिघडलं हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पाण्यात बुडवून, धोतराला पुसून खुराक घोटायला गेलो. अण्णा म्हणाला, "तोंड का उतरलंय रं?" मी म्हणालो, "रात्री दोन कोंबड्या जास्त झाल्या." तो हसला, आणि सगळा प्याला.

निघताना कल्याणीबाईंनी विचारलं, हे जंतू त्यांच्या संग्रहात ठेवले तर चालेल का? मी हो म्हणालो. त्यांनी एका मोठ्या कपाटाचं दार उघडलं, आतून पांढरी वाफ आली. उणे ऐंशी अंश. अकरा आणि बारा एकाच डबीत शेजारी ठेवले.

संध्याकाळी सुंदररावांनी मला मरीनावर नेलं. लोक भजी खात होते, पोरं घोड्यावर बसत होती. मला समुद्राचं काहीच आठवत नाही. गावात जे सांगतो ते सगळं रचलेलं आहे. ते शेजारी वाळूत बसून राहिले, आणि एका वेळेला एवढंच म्हणाले, "बापूराव, आपण फार बोलता. आज बोलत नाही. मला भय वाटते."

घरी

वहिनी उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पक्ष्यांचं, अकरा नंबरचं, शेडमागचं. कल्याणीबाईंना काय सांगून आलो तेही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी होती तेवढीच सांगितली, आणि ती संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वहिनींचा हात थांबला नाही. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, "एवढी माणसं होती घरात. एक दिवस मला म्हणाला असतात, वहिनी, आज तुम्ही घोटा."

"हो."

"त्यांना चाललं नसतं म्हणा. पण मी घोटला असता."

 मग त्यांनी मेथीचे देठ पदरातून झटकले. "पोरांना सांगू नका, मी आहे तोवर. बाप गेला. काका राहू द्या त्यांना."

"गाव विचारंल, वहिनी. काय सांगू?"

"काय सांगू म्हणून तुम्ही विचारता?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कोंबड्या सांगा."

वहिनी गेल्या, त्यालाही आता दिवस झाले. अण्णाच्या दोन्ही मुलांना मी समोर बसवून सगळं सांगितलं आहे. थोरला येतो-जातो. धाकटा येत नाही. कल्याणीबाईंनाही मृणालकडून पत्र लिहून घेतलं, की तुमच्या कागदावर एका जागी खोटं आहे, ते दुरुस्त करा.

पण त्या वेळी वहिनींचा शब्द मी पाळला. कोंबड्या सांगितल्या, म्हणजे शेड रिकामी करायची शपथही पाळावी लागली. चेन्नईहून आल्यावर पंधरा दिवसांत ट्रक आला. पिंजरे उतरवले. मी गड्यांना बाजूला केलं आणि एकेक पक्षी स्वतः धरून पिंजऱ्यात घातला. पक्षी हातात आला की आधी फडफडतो, मग आपल्या तळहाताखाली त्याचं काळीज तेवढं जोरात धावत राहतं. साडेचार हजार वेळा ते माझ्या हाताला लागलं. हा आकडा फुगवलेला नाही.

कुंपणाशी गाव जमलं होतं. अण्णाच्या तालमीतला एक म्हातारा पैलवान पुढे आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं केलंस बापू. वस्तादाला मारणारी जात ही. एक ठेवू नको."

मी शेवटचा पक्षी आत घातला आणि कडी लावली.

"एक ठेवत नाही," मी म्हणालो.